रँसचा हसरा देवदूत

रँसच्या कॅथेड्रलला पश्चिमेकडे तीन भव्य दारे आहेत. त्यातल्या डावीकडच्या दाराशी एक देवदूत उभा आहे. मान किंचित कललेली, ओठांचे कोपरे वर गेलेले, डोळे हसण्याने बारीक झालेले. तेराव्या शतकातल्या चर्चच्या दारांवर गंभीर संत, कठोर राजे आणि न्यायनिवाड्याची दृश्ये शेकड्यांनी सापडतात. असे मोकळे, माणसासारखे हसू मात्र क्वचितच दिसते. १२४० च्या आसपास कुण्या अनाम पाथरवटाने ते दगडातून काढले. पुढे पावणेसातशे वर्षे ते ऊनपावसात टिकले आणि १९ सप्टेंबर १९१४ च्या दुपारी जमिनीवर पडून त्याचे तुकडे झाले.

आज दिसतो तो चेहरा जोडलेला आहे. तो फुटला कसा आणि परत आला कसा, हे समजून घेतले की रँसचा निम्मा इतिहास समजतो. उरलेला निम्मा त्या चेहऱ्याच्या पायाखाली, खडूच्या दगडात खोल गेलेल्या तळघरांमध्ये आहे.

पॅरिसपासून ईशान्येला सुमारे १३० किलोमीटरवर, शॅम्पेन प्रांतात हे शहर वसले आहे. रेमी नावाच्या गॉल टोळीची ही राजधानी. ज्युलियस सीझर गॉलवर चालून आला तेव्हा या टोळीने त्याच्याशी दोस्ती केली. त्यामुळे रोमन अमदानीत शहराची भरभराट झाली. त्या काळची ‘पोर्त द मार्स’ ही तीन कमानींची वेस अजून उभी आहे. रोमनांना बांधकामासाठी दगड हवा होता. शहराखाली तो मुबलक होता, पांढरा, मऊ आणि सहज कापता येणारा. वर शेतजमीन वाया जाऊ नये आणि पाऊस, थंडी आत शिरू नये म्हणून खाणीचे तोंड लहान ठेवायचे आणि खाली जाईल तसतशी ती रुंद करत न्यायची, अशी पद्धत होती. म्हणून या खाणी आतून पिरॅमिडसारख्या दिसतात. काही तर तीस मीटरहून खोल आहेत. मध्ययुगातही खणणे चालू राहिले. असे वर एक शहर वाढत गेले आणि खाली त्याच्या तोलाची पोकळी तयार होत गेली. ही पोकळी एक दिवस शहराचा जीव वाचवील, याची कोणालाच कल्पना नव्हती.

शहराचे भाग्य बदलले ते पाचव्या शतकाच्या अखेरीस. फ्रँक लोकांचा राजा क्लोव्हिस याला रँसचा बिशप रेमी याने बाप्तिस्मा दिला. नेमक्या वर्षाबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. ४९६ च्या सुमाराचा तो प्रसंग मानला जातो. पुढे त्याला आख्यायिकेची जोड मिळाली. बाप्तिस्म्याच्या वेळी स्वर्गातून एक कबुतर पवित्र तेलाची कुपी चोचीत घेऊन उतरले, अशी ही कथा. फ्रान्सच्या राजांनी तिचे मोल ओळखले. ज्याला ते तेल लागले तो देवाच्या मर्जीने राजा, हा विश्वास पक्का झाला. ८१६ मध्ये शार्लमेनचा मुलगा लुई याचा राज्याभिषेक इथे झाला आणि त्यानंतरच्या हजार वर्षांत तीसहून अधिक राजांनी रँसमध्ये मुकुट घातला. राजधानी पॅरिस असली तरी राजा ‘राजा’ व्हायचा तो रँसला.

आजचे कॅथेड्रल एका आगीनंतर जन्मले. ६ मे १२१० रोजी जुने चर्च जळाले आणि बरोबर वर्षाने, ६ मे १२११ ला, नव्याची पायाभरणी झाली. काम पिढ्यान्‌पिढ्या चालले. त्यात खंडही पडले. १२३३ मध्ये करांच्या आणि हक्कांच्या वादातून शहरातले व्यापारी आणि कारागीर चर्चच्या सत्तेविरुद्ध उठले, धर्माधिकाऱ्यांना शहर सोडून जावे लागले आणि बांधकाम काही वर्षे थंडावले. वाद मिटल्यावर पुन्हा छिन्नी-हातोडे वाजू लागले. हसरा देवदूत त्यानंतरच्या वर्षांतला आहे.

ज्यांनी हे काम पेलले त्या चार प्रमुख स्थपतींची नावे आपल्याला माहीत आहेत, हे विशेष. चर्चच्या फरशीवर एक चक्रव्यूह कोरला होता आणि त्याच्या चार कोपऱ्यांत जाँ दॉर्बे, जाँ ल लू, गोशे द रँस आणि बर्नार द स्वासाँ यांच्या आकृती होत्या. मुले त्या चक्रव्यूहाच्या रेषांवरून खेळत धावत आणि प्रार्थनेत व्यत्यय येई म्हणून १७७९ मध्ये तो उखडून टाकला गेला. पण त्याची रेखाचित्रे उरली. आज फ्रान्समधल्या संरक्षित ऐतिहासिक वास्तूंवर जे चौकोनी चिन्ह दिसते ते याच हरवलेल्या चक्रव्यूहाचे आहे.

कॅथेड्रलची लांबी जवळजवळ १५० मीटर, आतल्या कमानींची उंची ३८ मीटर आणि मनोरे ८१ मीटर. अंगावर दोन हजार तीनशेहून अधिक मूर्ती. आकडे मोठे आहेत, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे इथे घडलेला १७ जुलै १४२९ चा दिवस. तेव्हा फ्रान्सचा अर्धा मुलूख इंग्रजांच्या आणि त्यांच्या बर्गंडीच्या मित्रांच्या हाती होता. गादीचा वारस शार्ल दक्षिणेकडे अडकला होता. रँस शत्रूच्या प्रदेशात होते. शेतकऱ्याच्या घरातली सतरा-अठरा वर्षांची जोन ऑफ आर्क त्याच्याकडे आली, ऑर्लेआँचा वेढा उठवायला झुंजली आणि मग सगळ्या मुत्सद्द्यांचे सल्ले बाजूला सारून एकच हट्ट धरून बसली : आधी रँस. तिला राजकारणाचे मर्म बरोबर कळले होते. अभिषेक झाला की शार्लच्या हक्कावर प्रश्न उरणार नाही. सैन्य शत्रूच्या मुलखातून वाट काढत निघाले, एकेका शहराने दारे उघडली आणि रँसमध्ये शार्ल सातवा राजा झाला. जोन निशाण हातात धरून वेदीजवळ उभी होती. दोन वर्षांच्या आत, ३० मे १४३१ ला, तिला रुआँ शहरात जिवंत जाळण्यात आले.

राज्यक्रांतीने या परंपरेवर घाव घातला. ७ ऑक्टोबर १७९३ रोजी क्रांतिकारी सरकारचा प्रतिनिधी फिलिप र्‍यूल याने ती पवित्र कुपी भर चौकात फोडली. राजेशाही परतल्यावर १८२५ मध्ये शार्ल दहाव्याने पुन्हा थाटात अभिषेक करून घेतला. तरुण व्हिक्टर ह्यूगो त्या समारंभाला हजर होता. पाच वर्षांत त्या राजाला देश सोडावा लागला. रँसमधला तो शेवटचा राज्याभिषेक.

राजे गेले, पण शहर ओस पडले नाही. तोवर त्याला दुसरा आधार मिळाला होता. आसपासच्या टेकड्यांवर पिनो नॉयर, म्यनिए आणि शार्दने या जातींची द्राक्षे पिकत होती आणि त्यांची फेसाळ वाइन युरोपभर जाऊ लागली होती. १७२९ मध्ये रुइनार हे शॅम्पेनचे पहिले व्यापारी घराणे सुरू झाले. ही वाइन बाटलीत भरल्यावर दुसऱ्यांदा आंबते. त्यातून सुटलेला वायू बाटलीतच कोंडून राहतो आणि बूच काढल्यावर फेस होऊन बाहेर येतो. यासाठी बाटल्यांना वर्षानुवर्षे अंधार, स्थिरता आणि बारमाही दहा-बारा अंशांचा थंडावा लागतो. रोमनांच्या खाणींमध्ये हे सारे आयते होते.

या धंद्याला आकार देण्यात दोन विधवांचा मोठा वाटा आहे. बार्ब-निकोल क्लिको सत्ताविसाव्या वर्षी विधवा झाली, नवऱ्याचा व्यवसाय हाती घेतला आणि रशियापर्यंत बाजार उभा केला. बाटलीतला गाळ वाइनला गढूळ करी. बाटल्या भोके पाडलेल्या फळीत उलट्या खोचून रोज थोड्या थोड्या फिरवायच्या, म्हणजे गाळ बुचापाशी जमतो आणि काढून टाकता येतो, ही युक्ती तिच्याच तळघरात रुजली. पुढच्या पिढीत लुईझ पॉमेरीने शंभरहून अधिक जुन्या खाणी विकत घेऊन बोगद्यांनी एकमेकींना जोडल्या. तिथे उतरायला ११६ पायऱ्यांचा जिना आहे आणि आत सुमारे अठरा किलोमीटरच्या गल्ल्या आहेत. १९१४ उजाडले तेव्हा रँसची लोकसंख्या एक लाखाच्या वर होती, लोकरीच्या गिरण्या चालू होत्या आणि कॅथेड्रलच्या उत्तर मनोऱ्याभोवती दुरुस्तीसाठी लाकडी परांची बांधलेली होती.

त्या वर्षी ४ सप्टेंबरला जर्मन फौज शहरात शिरली. मार्नच्या लढाईत मागे रेटले गेल्यावर आठवड्याभरात तिने शहर सोडले, पण ती लांब गेली नाही. उत्तरेला ब्रिमाँ आणि पूर्वेला बेरू व नोजां-लाबेसच्या उंचवट्यांवर तिने मोर्चे बांधले. तिथून कॅथेड्रलचे मनोरे सरळ दिसत.

जाण्यापूर्वी जर्मनांनी आपल्या जखमींसाठी कॅथेड्रलमध्ये गवत अंथरून घेतले होते. ते गेल्यावर फ्रेंचांनी मागे राहिलेले जखमी जर्मन कैदी तिथेच आणून ठेवले आणि मनोऱ्यावर रेड क्रॉसचे निशाण लावले. आपलीच माणसे आत आहेत म्हटल्यावर शत्रू तोफ डागणार नाही, असा हिशेब होता. तो चुकला. मनोऱ्यावरून फ्रेंच टेहळणी चालते, असे जर्मनांचे म्हणणे. फ्रेंचांनी ते नाकारले. १९ सप्टेंबरला गोळ्यांचा मारा वाढला. दुपारी एका गोळ्याने परांचीला आग लागली. वाळलेले लाकूड भडकले, आग छपराखालच्या शेकडो वर्षे जुन्या ओक तुळयांच्या रानात शिरली. छपरावरचे टनावारी शिसे वितळले आणि पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या दगडी तोंडांमधून ओघळू लागले. घंटा वितळल्या. खाली गवताने पेट घेतला.

आर्चबिशप कार्डिनल ल्युसाँ त्या दिवशी शहरात नव्हते; नव्या पोपच्या निवडीसाठी ते रोमला गेले होते. फादर लांद्रिये आणि फादर तिनो या दोघा धर्मगुरूंनी जखमी जर्मनांना बाहेर काढायला सुरुवात केली. बाहेर शहरातले लोक जमले होते. डोळ्यांदेखत आपले कॅथेड्रल जळताना पाहून त्यांचा संताप अनावर झाला होता आणि तो त्या कैद्यांवर निघण्याच्या बेतात होता. लांद्रिये कैद्यांच्या पुढे उभे राहिले. काही कैदी आगीत आणि गोंधळात मेले. पण बहुतेक वाचले. ज्यांच्या तोफांनी मंदिर पेटवले त्यांच्याच जखमी सैनिकांसाठी एका धर्मगुरूने त्या क्षणी आपला देह आड घातला. त्या दिवसाच्या सगळ्या हकीकतींमध्ये मला ही सर्वांत मोठी वाटते.

परांचीची जळती तुळई कोसळली आणि देवदूताच्या डोक्यावर आदळली. डोके खाली पडून फुटले. फादर तिनो यांनी तुकडे गोळा करून जपून ठेवले. उष्णतेने भाजलेल्या दर्शनी भागावरच्या कित्येक मूर्तींचे पापुद्रे सुटत गेले. जगभर निषेध झाला. मराठी वाचकांना गांधीजी, रामकृष्ण आणि विवेकानंद यांचे चरित्रकार म्हणून परिचित असलेले रोमाँ रोलाँ तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये होते. युद्धज्वराविरुद्ध लिहिणाऱ्या या माणसानेही रँसच्या विध्वंसाबद्दल जळजळीत लेख लिहिला.

मारा त्या दिवशी थांबला नाही. पुढच्या चार वर्षांत हजाराहून अधिक दिवस शहरावर गोळे पडत राहिले. एकट्या कॅथेड्रलवर सुमारे तीनशे पडले. आणि या काळात शहर खाली उतरले.

शॅम्पेन घराण्यांनी आपल्या तळघरांची दारे उघडली. माणसे गाद्या, चुली, पाळणे घेऊन बाटल्यांच्या रांगांमध्ये राहायला आली. तिथे दवाखाने चालले, प्रार्थना झाल्या, कार्यक्रम झाले. डिसेंबर १९१४ पासून तळघरांत शाळा भरू लागल्या. त्यांना झोफ्र, मोनूरी अशा सेनापतींची नावे दिली होती. पहिल्या शाळांपैकी एक पॉमेरीच्या खाणीत होती. दिव्यांच्या उजेडात मुले पाढे म्हणत, परीक्षा देत. विषारी वायूची भीती सुरू झाल्यावर तोंडावर मुखवटे चढवून बसलेल्या मुलामुलींची छायाचित्रे आज पाहताना पोटात गोळा येतो. महापौर डॉ. झाँ-बाप्तिस्त लांग्ले शहर सोडून गेले नाहीत. बाहेर टेकड्यांवर १९१४ ची सुगी बायका, मुले आणि म्हाताऱ्यांनी तोफांच्या पल्ल्यात काढली. त्या वर्षीची शॅम्पेन पुढे फार नावाजली गेली.

१९१७ च्या वसंतात मारा असह्य झाला, मे महिन्यात नगरभवन जळाले, आणि मार्च १९१८ मध्ये उरलेसुरले नागरिकही हलवण्यात आले. युद्ध थांबले तेव्हा सुमारे चौदा हजार घरांपैकी लगेच राहता येतील अशी घरे शंभरही नव्हती.

कॅथेड्रलचे काय करायचे, यावर वाद झाला. ते भग्नच ठेवावे, साक्षीदार म्हणून, असे म्हणणारे होते. शहराने दुसरा रस्ता धरला. रँसमध्येच जन्मलेले स्थापत्यतज्ज्ञ आंरी दनू यांच्याकडे काम आले. छप्पर पुन्हा लाकडाचे करायचे नाही, हे त्यांनी ठरवले. सोळाव्या शतकातल्या फिलिबेर द लॉर्म याने लहान लाकडी तुकडे जोडून मोठी छपरे उभारण्याची पद्धत सांगितली होती. दनू यांनी तीच पद्धत लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटमध्ये आणली : लहान तुकडे ओतायचे आणि ओकच्या पाचरी ठोकून एकमेकांत अडकवायचे. छप्पर हलके झाले, आगीला न जुमानणारे झाले. खर्चाचा मोठा भार अमेरिकेच्या जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांच्या देणगीने उचलला. फरशी उचकटली तेव्हा दनू यांनी खालच्या जुन्या चर्चचे अवशेषही अभ्यासले. रंगीत काचांचे काम पिढ्यान्‌पिढ्या त्याच कलेत असलेल्या सिमाँ घराण्याने केले. युद्धात उतरवून ठेवलेल्या काचा आणि जुनी रेखाचित्रे त्यांना उपयोगी पडली.

देवदूताचे तुकडे जपलेले होते. पॅरिसच्या त्रोकादेरो संग्रहालयात त्याच्या डोक्याचा युद्धापूर्वी घेतलेला साचा होता. तुकडे आणि साचा यांच्या आधारे डोके जोडले गेले आणि फेब्रुवारी १९२६ मध्ये ते पुन्हा खांद्यावर बसले. १९२७ मध्ये कॅथेड्रलचा काही भाग खुला झाला आणि १० जुलै १९३८ ला संपूर्ण कॅथेड्रल. चोवीस वर्षांनी. पुढच्याच वर्षी दुसरे महायुद्ध सुरू झाले.

या वेळी कॅथेड्रल वाचले आणि युरोपातल्या युद्धाचा शेवटही रँसमध्येच झाला. ७ मे १९४५ च्या पहाटे २ वाजून ४१ मिनिटांनी, आयझेनहॉवर यांचे मुख्यालय असलेल्या लाल विटांच्या शाळेत, जनरल योडल यांनी जर्मनीच्या बिनशर्त शरणागतीवर सही केली. नकाशांनी भरलेली ती खोली आज संग्रहालय आहे. स्टेशनजवळच्या या इमारतीत पर्यटकांनी आवर्जून जावे.

पण शरणागती म्हणजे समेट नव्हे. त्यासाठी आणखी सतरा वर्षे लागली. ८ जुलै १९६२ रोजी फ्रान्सचे अध्यक्ष शार्ल द गोल आणि पश्चिम जर्मनीचे चान्सलर कोनराड आडेनावर या कॅथेड्रलमध्ये शेजारी शेजारी प्रार्थनेला बसले. द गोल पहिल्या महायुद्धात जर्मनांचे कैदी होते. आडेनावर यांना नाझींनी तुरुंगात टाकले होते. सहा महिन्यांनी, जानेवारी १९६३ मध्ये, दोन्ही देशांनी मैत्रीच्या करारावर सह्या केल्या. २०१२ मध्ये आंगेला मेर्केल आणि फ्रान्स्वा ओलांद पुन्हा इथेच भेटले.

आज इथे येणाऱ्याला ही सारी पाने चालत चालत वाचता येतात. कॅथेड्रल, शेजारचा राजवाडा आणि सेंट रेमीचे मठ-चर्च १९९१ पासून जागतिक वारशात आहेत. शॅम्पेनच्या टेकड्या, घराणी आणि तळघरे २०१५ पासून. खाणीत उतरताना अंगावर काहीतरी ऊबदार असू द्यावे. आणि बाटल्यांच्या रांगा पाहताना लक्षात ठेवावे की याच गल्ल्यांत मुले पाढे शिकली आहेत. कॅथेड्रलमध्ये एका खिडकीत द्राक्षतोडणीपासून बाटलीपर्यंतचा शॅम्पेनचा प्रवास रंगीत काचेत आहे. अगदी पूर्वेच्या टोकाला मार्क शागाल यांच्या १९७४ च्या गडद निळ्या खिडक्या आहेत.

त्यांच्या दोन्ही बाजूंना लाल, पिवळ्या, निळ्या तुकड्यांच्या अगदी आधुनिक काचा दिसतात. कॅथेड्रलच्या आठशेव्या वर्षी, २०११ मध्ये, त्या बसवल्या गेल्या. २०१५ मध्ये आणखी तीन खिडक्या जर्मनीने भेट दिल्या. त्या जोन ऑफ आर्कच्या चॅपेलमध्ये आहेत. या साऱ्यांचा कलावंत इमी क्नोबेल. तो जर्मन आहे. ज्या देशाच्या गोळ्यांनी इथल्या काचा फुटल्या, त्याच देशाच्या माणसाने केलेल्या काचांतून आज सूर्यप्रकाश जोनच्या चॅपेलमध्ये उतरतो.